पाण्याची वारी

वाचक माउलींनो, ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये अशी आपल्याकडे म्हण आहे. पन्नास वर्षे मी ती कीर्तनातून सांगितली आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. ऋषीचे कूळ विचारू नये, हे मी आजही मानतो. नदीच्या बाबतीत मात्र सत्तरी उलटल्यावर मला माझे मत बदलावे लागले. ते कसे बदलले आणि कोणाच्या दुःखाने बदलले, ते आज तुमच्यापुढे मांडतो. कीर्तन आता होत नाही. उभे राहवत नाही आणि दमही टिकत नाही. बसून चार ओळी लिहिता येतात, एवढी पांडुरंगाची कृपा आहे.

माझे गाव धाराशिव जिल्ह्यातले, तेरपासून चालत तासाभराच्या अंतरावरचे. गोरोबाकाकांच्या समाधीच्या मंदिराचा कळस पाहिल्याशिवाय आमच्या घरात कुठल्या शुभकार्याला सुरुवात होत नसे. तेरणा ही आमची घरची नदी. तीन पिढ्यांची माळ घरात, म्हणून १९६९ साली वडिलांनी मला आळंदीला नेऊन सोडले. जोगमहाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे राहिलो. पहाटे इंद्रायणीत स्नान, मग काकडा, मग पाठ, दुपारी मधुकरी. मागून आणलेली भाकरी घाटावर बसून खायची, त्याच पाण्यात हात धुवायचे आणि तेच पाणी ओंजळीने प्यायचे. चार वर्षांत पोट दुखल्याचे मला आठवत नाही. त्या अनुभवातून मनाने एक सिद्धांत बांधला की तीर्थ कधी बाधत नाही. पुढे पन्नास वर्षे तो मी लोकांना सांगत आलो. अनुभव खरा होता, पण तो १९७० सालच्या पाण्याचा होता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

२०२२ सालच्या चैत्री वारीची गोष्ट. कोरोनाने दोन वर्षे वारी चुकवली होती, त्यामुळे माणसे आसुसलेली. आमच्या दिंडीत एक आजी होत्या. तीस वर्षे डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या. चैत्रातली चंद्रभागा तुम्हाला ठाऊक आहे. वाळवंटाला कडेने चिकटून चाललेली, जागोजागी डबकी झालेली. आजींनी तांब्या बुडवला, उजेडाला धरला आणि मला विचारले, "महाराज, पाणी हिरवं दिसायलंय. पिऊ का नको?"

मी म्हणालो, "माउली, तीर्थाचा रंग पाहू नये. डोळे मिटा आणि घ्या."

त्यांनी डोळे मिटले आणि घेतले. त्यांना धीर यावा म्हणून मीही घेतले. मला दोन दिवस पोटात कळा आल्या आणि थांबल्या. आजींना गावी परतल्यावर तिसऱ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बारा दिवस दवाखान्यात काढले. अंगातले पाणी इतके गेले की मूत्रपिंडांवर ताण आला. वाचल्या, पण पायातले बळ गेले ते परत आले नाही. त्यानंतर त्यांची पायी वारी झालेली नाही. डॉक्टर मला म्हणाले, "असे दूषित पाण्याने होते, पण नेमके कुठल्या घोटाने झाले ते सांगता येत नाही." त्या वाक्याच्या आड मला लपता आले असते. पण आजींचा मुलगा दाराशी उभा होता. तो एवढेच बोलला, "महाराज, आईनं प्यायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं."

त्या वाक्यानंतर माझी बरीच दिवस झोप उडाली. आजींनी पाण्यावर शंका घेतली होती आणि ती शंका मी माझ्या शब्दाने पुसली होती. कीर्तनकाराच्या शब्दाला लोक किती वजन देतात, हे आपण गादीवर उभे असताना विसरतो.

त्या वर्षी दिवाळीला माझी नात घरी आली. ती स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेली, पुढचे शिक्षण पर्यावरणाचे घेते. काय शिकतेस असे विचारले तर म्हणाली, "नदीचं गणित. नदीत किती घाण पडली तर तिची तब्येत कशी होईल, हे आकड्यांनी आधीच सांगायचं."

मला राग आला. मी म्हणालो, "नदी आई आहे. आईचं कोणी वजन करतं का?"

ती म्हणाली, "आजारी पडली तर करतात की, आबा."

यावर मला उत्तर सुचले नाही. मग तिने माझ्याकडे दिंडीची हिशोबाची वही मागितली. आमच्या दिंडीचा शिधा तीस वर्षे माझ्याकडे होता. कुठल्या मुक्कामाला पीठ किती, डाळ किती, कोणी किती दिले, किती खर्चले, शिल्लक काय राहिली, हे सारे त्या वहीत. तिने पाने चाळली आणि म्हणाली, "आबा, हेच ते गणित. पिठाच्या जागी प्राणवायू लिहायचा."

माउलींनो, ते गणित मी तिच्याकडून महिनाभर शिकलो. पाटीवर शिकलो, कारण मला कागदापेक्षा पाटी बरी. आता मला कळले तसे तुम्हाला सांगतो.

जसा आपल्याला हवेतला प्राणवायू लागतो, तसा माशांना पाण्यात विरघळलेला लागतो. तो गार पाण्यात जास्त मावतो आणि तापलेल्या पाण्यात कमी. बर्फासारख्या गार पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच मावतो. म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखात नदीच्या गाठीची शिदोरी मुळातच थोडी असते.

आता नदीत सांडपाणी आले, मैला आला, उरलेले अन्न आले, आपण श्रद्धेने सोडलेले निर्माल्य आले. डोळ्यांना न दिसणारे जीव ती घाण खाऊन टाकतात. वाहते पाणी निर्मळ होते असे आपण म्हणतो, ते या जिवांच्या जोरावर. पण खाताना ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. घाण संपवायला किती प्राणवायू लागेल, त्या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. सरकारी कागदात 'बीओडी' लिहितात. मी तिला घाणीची भूक म्हणतो. ती मोजण्याची रीत साधी आहे. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून सत्तावीस अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायचा आणि आधीचा प्राणवायू आणि नंतरचा प्राणवायू यांची वजाबाकी करायची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा आहे की स्नानाच्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा आणि ही भूक ३ मिलिग्रॅम किंवा कमी हवी.

हा झाला खर्च. नदीला जमाही आहे. वरच्या हवेतून प्राणवायू पाण्यात उतरत राहतो. पाणी उथळ असेल, खडकांवरून खळखळत असेल तर लवकर उतरतो. पाणी खोल आणि संथ असेल, बंधाऱ्यामागे तुंबले असेल तर हळू उतरतो. आणि तूट जितकी मोठी तितकी ती भरून काढायची ओढही मोठी.

जमा आणि खर्च एकाच वेळी चालू असताना शिल्लक काय, हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक गणित आहे. चार झरे आहेत. पहिला एक तळे एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या हिश्शात, चौथा सहाव्या हिश्शात. चारही एकदम सोडले तर तळे किती वेळात भरेल? उत्तर येते दिवसाचा बारावा भाग. मी हे पाठशाळेत पाठ केले होते. नदीचे गणित त्याच जातीचे आहे, फक्त इथे एक झरा भरतो आणि दुसरा उपसतो.

हे गणित नदीला लावले ते स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन अमेरिकन माणसांनी. तिकडच्या ओहायो नदीचा अभ्यास करून १९२५ साली त्यांनी ते मांडले. त्यांची युक्ती ऐकून मी पाटी खाली ठेवली आणि नातीला पुन्हा सांगायला लावली. ते काठावर उभे राहून नदी पाहत नाहीत. पाण्याचा एक भाग मनात धरतात आणि त्याच्याबरोबर चालू लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या गाठीला किती प्राणवायू होता, किती खर्चला, किती मिळाला. दुसऱ्या मुक्कामाला काय राहिले, तिसऱ्याला काय राहिले. म्हणजे ही पाण्याची वारीच झाली आणि हिशोबनीस दिंडीबरोबर चालतो आहे.

आता पाटीवरचे उदाहरण. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या एका नदीचे मोजलेले नाहीत. पाण्यात साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पण आहे साडेसहा. एका गावाशी सांडपाणी मिसळले आणि पाण्यातल्या घाणीची एकूण भूक २० मिलिग्रॅम झाली. रोज उरलेल्या घाणीचा साधारण चौथा हिस्सा जीव खातात आणि असलेल्या तुटीचा निम्म्याहून थोडा कमी भाग हवेतून भरून येऊ शकतो. पाणी दिवसाला १५ किलोमीटर चालते, साधारण आपल्या दिंडीइतके. शिल्लक काय ती ऐका.

गावाशी, घाण पडते त्या जागी, प्राणवायू साडेसहा. पहिल्या मुक्कामाला तीनच्या थोडा वर. दुसऱ्या मुक्कामाला सव्वादोन. तिसऱ्याला अडीच. चौथ्याला तीनच्या थोडा वर. पाचव्याला चार. सहाव्याला पावणेपाच. सातव्या मुक्कामाला सव्वापाच, म्हणजे नदी पुन्हा स्नानाच्या निकषाला आली.

माउलींनो, या आकड्यांवर क्षणभर थांबा. जिथे घाण पडली तिथे प्राणवायू सर्वांत जास्त आहे. त्या गावच्या माणसाला वाटते, आपल्या सांडपाण्याने काही बिघडत नाही, पाण्यात मासे दिसतात की. सर्वांत वाईट पाणी दुसऱ्या मुक्कामाला आहे, तीस किलोमीटर खाली, ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्या घाटावर. मासे तिथे मरतात. तिथली माणसे आपल्याच गावात कोण चुकले ते शोधत बसतात. आणि सातव्या मुक्कामापर्यंत नदी सावरते हे खरे, पण केव्हा? मध्ये दुसऱ्या कुठल्या गावाने काही सोडले नाही तर. शंभर किलोमीटर एकही गाव नाही अशी नदी आता महाराष्ट्रात कुठे आहे?

आम्ही कीर्तनात कर्माचा सिद्धांत सांगतो, जो करील तो भोगील. नदीच्या काठी या न्यायात एक दुःखाची अडचण आहे. करणारा वर राहतो आणि भोगणारा खाली राहतो. दोघांची गाठ पडत नाही, म्हणून करणाऱ्याला लाज वाटत नाही.

आणि म्हणून नदीचे मूळ विचारायला हवे. मी त्या दिवशी पुंडलिकाच्या देवळापाशी उभा होतो. ते पाणी कुठून कुठून आले होते? भीमा निघते भीमाशंकरला. देहू-आळंदीची इंद्रायणी तिला तुळापुरी मिळते. पुण्याची मुळा-मुठा पुढे मिळते. मग ते सारे उजनीच्या धरणात थांबते, संथ होते, उन्हात तापते. धरणाखाली नरसिंहपुरी नीरा मिळते आणि मग ती पंढरीला येऊन चंद्रभागा होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांसारख्या महानगरांच्या मोऱ्या या वाटेवर आहेत. ज्या इंद्रायणीतून मी ओंजळीने प्यालो, तिच्यावर आळंदीत पांढरा फेस तरंगताना गेल्या काही वर्षांत वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

पण वरच्यांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. पंढरपूर हेही कोणाच्या तरी वरचे गाव आहे. आषाढीला लाखोंनी आपण तिथे जमतो. वाळवंटात, काठावर, आपण जे सोडून येतो ते खाली चालू लागते. पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला सीना मिळते. ही सीना आपल्या परंडा तालुक्यातून गेलेली. म्हणजे धाराशिवचा वारकरी चंद्रभागेत जे सोडतो, ते खाली जाऊन धाराशिवच्याच पाण्याला भेटते आणि दोन्ही मिळून कर्नाटकात कृष्णेकडे जातात. तिकडच्या घाटावरही कोणी आजी तांब्या बुडवत असेलच.

मी नातीला विचारले, मग यातून वाट कोणती? तिने तेच गणित दोनदा करून दाखवले. घाण निम्मी केली, २० ची १०, तर सर्वांत वाईट मुक्कामालाही प्राणवायू पावणेपाचच्या जवळ राहतो. म्हणजे नदी जवळजवळ निकषावरच चालते. उलट घाण दुप्पट केली, २० ची ४०, तर दुसऱ्या मुक्कामाच्या आतच शिल्लक शून्य होते. मग प्राणवायूवाचून जगणारे जीव माजतात, पाणी काळे पडते, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. निम्म्याने तारते आणि दुपटीने मारते. तिसरी गोष्ट, घाण तेवढीच ठेवून नदीचे पाणी घटले तरी भूक वाढते. आषाढीला पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी असते, म्हणून तीच घाण पातळ होते. चैत्रीला माणसे कमी, पण पाणी त्याहून कमी. "पाणी वाहते आहे ना, मग झाले" हे जे मी सांगत होतो, त्यात किती पाणी आणि किती घाण हा हिशोबच नव्हता.

एवढे झाल्यावर मी गणिताच्या प्रेमात पडलो आणि म्हणालो, "म्हणजे प्राणवायू मोजला की सगळं कळलं." तेव्हा नातीने मला दुसऱ्यांदा थांबवले. म्हणाली, "आबा, आता गणितावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका." प्रत्येक नदीचा वेग, खोली, खाण्याचा आणि भरण्याचा दर वेगळा. तो त्या नदीवर जाऊन मोजावा लागतो, नाहीतर उत्तर खोटे येते. तळाला बसलेला गाळ वेगळा प्राणवायू मागतो. कारखान्यातून येणारी जड धातूंची विषे कुठलाही जीव खाऊन संपवत नाही. ती तशीच पुढे जातात. आणि हिरवे पाणी? ती शेवाळाची सूक्ष्म जात असते. ती दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री ओढून घेते. म्हणून भरदुपारी मोजले तर हिरव्या पाण्याचा प्राणवायू चांगला दिसतो आणि पहाटे मासे तडफडतात.

आणि रोगाचे जंतू तर या हिशोबात येतच नाहीत. त्यांची मोजणी वेगळी. स्नानाच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू शंभर मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या वर कधी नसावेत, असा निकष आहे. पिण्याच्या पाण्यात मात्र शंभर मिलिलिटरमध्ये असा एकही जंतू आढळता कामा नये. ५०० कुठे आणि शून्य कुठे! म्हणजे निकषात बसणारी नदीसुद्धा स्नानापुरती निकषात बसते. आजींनी मला "स्नान करू का" असे विचारले नव्हते. "पिऊ का" असे विचारले होते.

केंद्रीय मंडळाच्या २०२२ सालच्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित म्हणून नोंदले आहेत. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. ज्या भूमीत नदीला आई म्हणणारे सर्वांत मोठे लोक पायी चालतात, त्या भूमीचा हा आकडा आहे. तो वाचून मला लाज वाटली. तुम्हालाही वाटावी, म्हणून लिहिला.

हे मी बोलू लागलो तेव्हा आमच्या फडावरचे एक वयोवृद्ध महाराज मला म्हणाले, "तुम्ही नातीच्या नादाने नास्तिक झालात. चंद्रभागा कधी बाटते का?" मी त्यांना हात जोडून म्हणालो, "चंद्रभागा पवित्र आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण पावित्र्य देवाने दिले आहे आणि निर्मळता आपल्याकडे सांभाळायला दिली आहे. तिचे पावित्र्य आपल्याला घालवता येत नाही. निर्मळता आपण घालवली. आई आजारी पडली म्हणून तिचे आईपण जात नाही. पण आई कधी आजारी पडतच नाही असे म्हणून जो वैद्याला दारात उभे करत नाही, त्याला आपण मातृभक्त म्हणायचे का?" ते काही बोलले नाहीत. रागावले असतील तर त्यांचा राग मला प्रसाद आहे.

गोरोबाकाकांच्या घरी तेरला संतमंडळी जमली आणि काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले, ही कथा तुम्हाला मी सांगायला नको. कुंभाराला मडके फोडून पाहावे लागत नाही. बाहेरून टिचकी मारली की आतले कच्चेपण आवाजावरून कळते. नामदेवरायांना ती परीक्षा झोंबली, पण पुढे त्यांनी ती मानली आणि गुरू शोधायला निघाले. एवढ्या थोर भक्ताला कच्चे म्हणवून घेण्यात कमीपणा वाटला नाही. मी ही कथा किती वेळा रंगवून सांगितली असेल! पण थापटणे माझ्या डोक्यावर बसले ते त्या मुलाच्या एका वाक्याने, आणि मी कच्चा आहे हे मला सत्तरीत कळले. हे नदीचे गणितही एक थापटणेच आहे. नदीला लावतो तेव्हा आवाज आपला येतो.

आता आमच्या दिंडीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. तीर्थ हाताला घ्यायचे, डोळ्यांना लावायचे, माथ्यावर शिंपडायचे. पोटात घ्यायचे नाही. प्यायचे पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेले, तेवढेच. नदीत साबण नाही. निर्माल्य आणि पत्रावळी पाण्यात नाहीत. माळेचे निर्माल्य घरी आणून तुळशीच्या बुडाशी घालायचे. शौचाला नदीकाठ नाही, फिरत्या शौचालयापाशी रांग लागली तरी चालेल. या गोष्टी लहान आहेत आणि महानगरांच्या मोऱ्या मोठ्या आहेत, हे मला कळते. त्या मोऱ्यांसाठी सरकारकडे आणि महापालिकांकडे मागणे मागायचे तर आधी आपले हात धुतलेले हवेत. आणि निम्म्याने काय फरक पडतो, ते मी पाटीवर पाहिले आहे.

एक गोष्ट राहिली होती. ती करायला मला फार दिवस लागले. यंदा चैत्र वद्य त्रयोदशीला तेरच्या यात्रेहून परतताना मी आजींच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "माउली, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. तुमचे पाय गेले ते माझ्या शब्दाने."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमी बी पेलात की, महाराज." त्यात क्षमा होती की नुसती आठवण, ते मला ठरवता आले नाही. मी त्यांना पाण्याच्या वारीची गोष्ट सांगितली, मुक्कामांसकट. त्या मन लावून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी घरामागच्या मोरीकडे पाहिले आणि विचारले, "मग आपली ही मोरी कुठं जाती?"

"ओढ्यात," मी म्हणालो.

"आन् वढा?"

"तेरणेत. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला."

"म्हंजी खालची माणसं आपली मोरी पेतात?"

याही वेळी प्रश्न त्यांचाच होता. पण या वेळी मी डोळे मिटा असे म्हणालो नाही. "होय माउली," असे म्हणालो.

पंधरा दिवसांनी आजींच्या मुलाने मोरीच्या तोंडाशी शोषखड्डा खणला. आमच्या आळीतला तो पहिला. दुसरा माझ्या घरचा. नातीने सांगितले तसे खाली दगड, वर खडी, वर वाळू घातली. दिंडीच्या जुन्या वहीत काही पाने कोरी राहिली होती. त्यांतल्या एका पानावर मी जमेच्या बाजूला त्या दोन खड्ड्यांची नोंद केली आहे. तिसरी कोणाची होते, त्याची वाट पाहत आहे.

रामकृष्ण हरी.